म्हाताऱ्या कुत्र्याचं पातेलं

२०२३च्या फेब्रुवारीत पोर्तुगालमधल्या एका खेड्यातला बोबी नावाचा कुत्रा जगभरच्या वर्तमानपत्रांत झळकला. आजवरचा सर्वांत दीर्घायुषी कुत्रा म्हणून गिनेसने त्याची नोंद केली होती; वय तीस वर्षं पार. एवढ्या आयुष्याचं गुपित काय, असं विचारल्यावर मालकाने सांगितलं, की आमच्या घरी जे शिजतं तेच तो खातो, फक्त आधी ते पाण्यात बुडवून मीठ-मसाला काढून टाकायचा. त्याच ऑक्टोबरात बोबी गेला. पुढे पशुवैद्यांनी त्याच्या वयाबद्दल शंका काढल्या, जुन्या छायाचित्रांत त्याच्या पंजांचा रंग वेगळा दिसतो हे कुणाच्या तरी लक्षात आलं, आणि २०२४च्या फेब्रुवारीत गिनेसने पुरेसा पुरावा नाही म्हणून तो विक्रम मागे घेतला.

विक्रम गेला, पण पाण्यात बुडवलेल्या घासाची गोष्ट मात्र टिकली. सकाळी कुत्री फिरवायला निघालेल्या मंडळींच्या गप्पांत ती अजून ऐकू येते. ‘बघा, घरचंच खाणं!’ असं एक पक्ष म्हणतो. दुसरा पक्ष पाकिटवाल्यांचा. त्यांच्या मते वरण-भातानेच आपल्याकडची कुत्री लवकर जातात. तिसरा पक्ष हल्ली नवा आहे. त्याचं म्हणणं, खाणं काही का असेना, सांध्यांची गोळी, माशाचं तेल आणि लिव्हरचं टॉनिक चालू पाहिजे. कुत्रा जेवढा म्हातारा, तेवढी फ्रिजवरच्या डब्या-बाटल्यांची रांग लांब.

या तिन्ही पक्षांच्या वादात एक साधी गोष्ट मागे पडते, ती म्हणजे किती. काय घालायचं यावर तासभर बोलणाऱ्या माणसाला ‘किती ग्रॅम?’ विचारा. तो हाताने वाडग्याचा आकार दाखवतो.

पुण्यात कोथरूड भागातल्या एका पशुवैद्याच्या दवाखान्यात शनिवारी संध्याकाळी बसलं, की हे नाटक पुन्हा पुन्हा बघायला मिळतं. दहा वर्षांचा लॅब्राडोर. मागचे पाय ओढत चालतो, जिना चढत नाही, म्हणून आणलेला. काट्यावर चढवला तर ३८ किलो. डॉक्टर विचारतात, ‘खायला काय देता?’ ‘काही नाही हो, दोन वेळा पाकिटातलं. मोजून!’ मोजून म्हणताना काकू डॉक्टरांकडे नाही, काकांकडे बघतात. मग काका घसा खाकरतात. सकाळच्या चहाबरोबर चार बिस्किटं, ती तर त्याच्या हक्काचीच. कामाला येणाऱ्या मावशी पोळ्या करताना दोन त्याच्यासाठी लाटतात, तूप लावून. रात्री झोपताना कपभर दूध, म्हशीचं. ‘पण ते काही जेवण नव्हे!’ डॉक्टर कागदाच्या मागच्या बाजूला हिशेब मांडतात. बिस्किटांच्या शंभर कॅलरी, तूप-पोळीच्या अडीचशे, दुधाच्या दोनशे. आणि ज्याचं वजन ३० किलो असायला हवं अशा, दिवसभर पंख्याखाली पडून राहणाऱ्या या प्राण्याची सगळ्या दिवसाची गरज साधारण अकराशे. म्हणजे जे ‘जेवण नव्हे’ त्यातच अर्धा दिवस भरला, आणि पाकिटातलं वर. काका म्हणतात, ‘सांध्यांसाठी एखादी चांगली पावडर लिहून द्या ना.’

पावडरीकडे नंतर येऊ. आधी त्या जादा किलोंबद्दल, कारण म्हाताऱ्या कुत्र्याच्या आहाराविषयी शास्त्राला जे काही खात्रीने ठाऊक आहे, त्यातली सर्वांत ठोस गोष्ट तिथेच आहे. अमेरिकेत प्युरिना कंपनीने लॅब्राडोरची ४८ पिल्लं घेऊन त्यांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला जेवढं खाणं, त्याच्या पाऊणपट दुसऱ्याला. खाणं तेच, फक्त एक चतुर्थांश कमी, आणि हे जन्मभर. २००२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पोटभर खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य ११.२ वर्षं, कमी खाणाऱ्यांचं १३. सांध्यांचा विकारही बारीक गटात बराच उशिरा आला. खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच ‘कमी घाला’ असं सिद्ध करावं, याचं मला अजून कौतुक वाटतं. पावणेदोन वर्षांचं जादा आयुष्य देणारी गोळी उद्या बाजारात आली तर लोक रांगा लावतील. इथे फक्त वाटी लहान करायची आहे, आणि तेच जमत नाही.

कुत्रा जाड आहे की नाही, हे घरी बघायची एक सोपी रीत आहे. स्वतःच्या हाताची मूठ वळा आणि बोटांच्या पेरांवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवा. कुत्र्याच्या फासळ्या अशा टोकदार लागत असतील तर तो फार बारीक. मग मूठ उघडून तळव्याच्या बाजूने, बोटांच्या मुळाशी चाचपा. फासळ्या अशा मांसल थराखाली दडल्या असतील तर जाड. आणि हात पालथा, सपाट धरून हाताच्याच पाठीवरून बोटं फिरवल्यावर जसं लागतं, तसं लागलं तर ठीक. वय झालेल्या कुत्र्याच्या बाबतीत मात्र फासळ्यांवर थांबून चालत नाही. कण्याच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या फऱ्यावर आणि डोळ्यांच्या वर कानशिलापाशी हात फिरवायचा. तिथे खळगे पडले असतील तर स्नायू झडताहेत. पोट सुटलेलं आणि पाठीचा कणा मात्र वर आलेला, असे म्हातारे कुत्रे खूप दिसतात. वजनाच्या काट्याला ते कळत नाही. चरबी वाढली आणि मांस घटलं तरी आकडा तोच राहतो.

म्हातारा कधी म्हणायचं? ‘एक वर्ष म्हणजे माणसाची सात’ हा हिशेब सोडून द्यावा. कुत्रा पहिल्या वर्षातच जवळजवळ तरुण होतो आणि मग वयाचा वेग मंदावतो. शिवाय मोठ्या चणीचे लवकर थकतात. ग्रेट डेन सातव्या वर्षी म्हातारा, तर सातव्या वर्षीचा पॉमेरेनियन अजून घंटी वाजली की घर डोक्यावर घेतो. अपेक्षित आयुष्याचा शेवटचा चौथा हिस्सा लागला की म्हातारपण, असं साधारण मानतात.

आता ‘हलका आहार’. आपल्या घरांत वय झालेल्या माणसाचं जेवण जसं मऊ भात, ताक, पेज असं होत जातं, तसंच कुत्र्याचंही करतात. मटण-चिकन ‘आता त्याला झेपत नाही’ म्हणून बंद, अंडं ‘उष्ण पडतं’ म्हणून बंद, आणि मग दूध-भात, दही-भात, दूध-पोळी. यामागे माया आहे हे खरंच. पण परिणाम उलटा होतो. वाढत्या वयात कुत्र्याला ऊर्जा कमी लागते, प्रथिनं मात्र कमी लागत नाहीत. स्नायू टिकवायला उलट जास्त लागतात. तरुण आणि म्हाताऱ्या कुत्र्यांची तुलना करून हे १९६६ सालीच दाखवून दिलेलं आहे. तरीही ‘प्रथिनांनी किडनी खराब होते’ हा समज पशुवैद्यकातही कित्येक वर्षं रेंगाळला. निरोगी मूत्रपिंडाच्या म्हाताऱ्या कुत्र्याचं मांस-अंडं तोडलं तर त्याच्या मूत्रपिंडाला काही फायदा होत नाही, पाय मात्र लटपटतात. आणि दुधाचं म्हणाल, तर पुष्कळ प्रौढ कुत्र्यांना त्यातली साखर पचत नाही. पातळ शी होते आणि दोष शेजाऱ्याने दिलेल्या बिस्किटावर जातो. दही त्या मानाने सोसतं.

याच्या दुसऱ्या टोकाला ‘कुत्रा म्हणजे लांडगाच, त्याला भात-भाकरी कशाला’ म्हणणारे आहेत. त्यांना २०१३ साली ‘नेचर’मध्ये आलेलं संशोधन सांगावंसं वाटतं. पिष्टाचं पचन करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात. कुत्र्यांत ४ पासून ३० पर्यंत सापडल्या. माणसाच्या शेताच्या कडेला हजारो वर्षं राहून, आपलं उष्टं-खरकटं खाऊन कुत्रा बदलला. भाकरीचा तुकडा पचवण्याची सोय त्याने रक्तातच करून घेतली आहे. शिजलेला भात त्याला छान पचतो. अडचण भाताची नाही, भातच भात होण्याची आहे.

आमच्या घरी चौदा किलोची एक गावठी कुत्री आहे, सोनी. तोंड पांढरं झालंय, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. तिचं पातेलं कसं लागतं ते सांगते, म्हणजे ‘घरचं खाणं’ या शब्दांत किती कामं दडली आहेत ते कळेल. चिकनवाल्याकडे ‘कुत्र्यासाठी’ म्हटलं की तो न विचारता पाय, माना आणि कातडं पिशवीत कोंबतो. स्वस्त पडतं. पण त्यात मांस थोडं, चरबी आणि हाडं फार. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या अणकुचीदार चिरफळ्या होतात, ते तर कुठल्याच वयाच्या कुत्र्याला घालू नये. म्हणून आम्ही मागतो ते बिनहाडाचं, कातडं काढलेलं. शिजल्यावर २०० ग्रॅम, त्यात आठवड्यातून एखाद्या दिवशी थोडी कलेजी. १५० ग्रॅम भात. एक उकडलेलं अंडं. मूठभर लाल भोपळा किंवा दुधी. मीठ नाही, फोडणी नाही, कांदा-लसूण तर नाहीच. हे सगळं मिळून ६४० कॅलरींच्या आसपास जातं आणि चौदा किलोच्या, फारशी न पळणाऱ्या कुत्रीला तेवढं पुरतं. दोन वेळांना विभागून.

ताट भरलेलं दिसतं, नाही? पण त्यात कॅल्शियम जवळजवळ नाहीच. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नावाला. वर्षानुवर्षं असंच चाललं तर शरीर ते हाडांतून काढून घेतं. आपल्याकडे त्यावर एक बिनखर्ची उपाय आहे, तो म्हणजे अंड्याचं कवच. कवचं उकळत्या पाण्यात घालून काढायची, तव्यावर कोरडी भाजायची, थंड झाल्यावर मिक्सरच्या लहान भांड्यात मैद्यासारखी बारीक करायची. दळताना जो कोरडा, खडूसारखा वास सुटतो तो आधी नकोसा वाटतो, मग सवयीचा होतो. एका कवचातून साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम मिळतं. सोनीला रोज अर्धा छोटा चमचा भुकटी पुरते. तेवढ्यानेही भागत नाही. जस्त, तांबं, आयोडीन, ई आणि डी जीवनसत्त्व यांची तूट राहतेच. सकाळच्या उन्हात बसवलं की डी जीवनसत्त्व मिळेल, हा आपला माणसांचा नियमही तिथे चालत नाही. कुत्र्याची कातडी ते पुरेसं तयार करू शकत नाही, त्याला ते खाण्यातूनच लागतं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून कुत्र्यांसाठीच्या २०० पाककृती गोळा करून तपासल्या. २०१३ साली आलेल्या त्या अभ्यासात ९५ टक्के पाककृतींत निदान एक तरी आवश्यक घटक कमी भरला. त्यातल्या कितीतरी पाककृती पशुवैद्यांनीच लिहिलेल्या होत्या. म्हणून घरचं शिजवायचं असेल तर खुशाल शिजवावं, पण कुत्र्यांसाठी बनवलेलं जीवनसत्त्व-खनिजांचं मिश्रण डॉक्टरांना विचारून, वजनानुसार त्यात घालावं. सगळ्या डब्या-बाटल्यांमधली ही एक डबी घरच्या खाण्यावर असलेल्या कुत्र्याला खरोखर लागते. आणि गंमत म्हणजे सांध्यांच्या रंगीत डब्यांच्या गर्दीत नेमकी तीच कुणी विकत घेत नाही.

शाकाहारी घरांतली एक तडजोड मला फार आवडते. स्वयंपाकघरात अंडं चालत नाही, म्हणून बाल्कनीत वेगळी इंडक्शन शेगडी, वेगळं पातेलं, वेगळा झारा. आणि आजी आत देवाला फुलं वाहताहेत तोवर आजोबा बाहेर अंडी उकडताहेत. अंडं, पनीर, सोयाबीन यांवर कुत्रा सांभाळता येतो. मात्र तो आहार तज्ज्ञाकडून आखून घ्यावा लागतो, अंदाजपंचे नव्हे.

पाकिटाची गोष्ट थोडक्यात सांगते. कुत्र्यांचं तयार खाणं विकायची कल्पना जेम्स स्प्रॅट नावाच्या अमेरिकनाची. १८६०च्या सुमाराला लंडनमध्ये त्याने कुत्र्यांसाठी बिस्किटं काढली. आजची चांगली पाकिटं त्याहून फार पुढे गेली आहेत, त्यांत सगळे घटक मोजून असतात, आणि ज्याला शिजवायला वेळ नाही त्याने अपराधी वाटून घेऊ नये. पण पाकिटावरच्या ‘सीनियर’ या शब्दावर फार विसंबू नका. अमेरिकेतल्या ज्या मानकांवर बरेच उत्पादक चालतात, त्यांत पिल्लं-गाभण माद्या आणि प्रौढ असे दोनच वर्ग आहेत. म्हातारपणासाठी वेगळं मानकच नाही. त्यामुळे एका कंपनीच्या ‘सीनियर’मध्ये प्रथिनं कमी, दुसरीच्यात जास्त, असं सर्रास आढळतं. पाकीट उलटं करून मागचा तक्ता वाचावा.

आता ती पावडर. सांध्यांसाठी सर्वांत जास्त खपतं ते ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉयटिन. २०२२मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी कुत्र्या-मांजरांच्या सांधेदुखीवरच्या अशा सगळ्या पूरकांचे अभ्यास एकत्र करून चाळले. माशाच्या तेलातल्या ओमेगा-३ने वेदना कमी होतात, याला चांगला पुरावा मिळाला. ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉयटिनच्या पारड्यात मात्र जवळजवळ काही पडलं नाही. ते वापरायची शिफारस करू नये, इतक्या स्पष्ट शब्दांत त्यांनी लिहिलं. नुकसान फारसं नाही, पैसे जातात. काकांना ती पावडर लिहून न देणारे डॉक्टर म्हणूनच मला आवडले.

माशाचं तेल कामाचं, पण तिथेही मोजमापाशिवाय सगळं फुकट. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या साध्या हजार मिलिग्रॅमच्या कॅप्सूलमध्ये कामाचे दोन घटक, ईपीए आणि डीएचए, मिळून साधारण ३०० मिलिग्रॅम असतात. दहा किलोच्या कुत्र्याला सांधेदुखीसाठी सुचवली जाणारी मात्रा सतराशेच्या घरात जाते. म्हणजे रोज एक कॅप्सूल घालून ‘फरक पडत नाही’ म्हणणाऱ्याचं बरोबरच आहे, पडणार नाही. पण सहा कॅप्सूल घातल्या तर त्यांच्याच पन्नासेक कॅलरी होतात, त्या खाण्यातून वजा करायला हव्यात. शी पातळ होऊ शकते, रक्त गोठायला वेळ लागू शकतो, आणि सुरक्षित मर्यादा तिथून फार दूर नाही. हे डॉक्टरांशी बोलूनच करायचं, आणि हळूहळू वाढवत.

कोकणातल्या माणसाला हे वाचून हसू येईल. बांगडा आणि तारली दारात येत असताना कॅप्सूल कशाला? खरं आहे. काटे काढून, बिनमिठाची वाफवलेली तारली म्हाताऱ्या कुत्र्याला उत्तम. कच्ची नको, तिच्यात बी-१ जीवनसत्त्व मोडणारं विकर असतं, ते शिजवल्यावर जातं. सुकट-बोंबील मात्र टाळावेत, त्यांतलं मीठ हृदय थकलेल्या कुत्र्याला भारी पडतं. शाकाहारी घरांत माशाऐवजी जवस घालतात. जवसाच्या चटणीवर माझं स्वतःचं फार प्रेम आहे, पण जवसातल्या तेलाचं ईपीए-डीएचएत रूपांतर कुत्र्याचं शरीर फारच थोडं करतं. सांध्यांसाठी म्हणून जवसाचा उपयोग नाही.

आणि एक चूक जिवावर बेतणारी आहे. कॉडच्या यकृताचं तेल म्हणजे माशाचं साधं तेल नव्हे. त्यात ए आणि डी ही जीवनसत्त्वं दाटून भरलेली असतात, सांध्यांच्या मात्रेत ते घातलं तर ती दोन्ही साठत जातात. त्याहून धोक्याची आपल्या घराघरांत पडलेली ती डी जीवनसत्त्वाची आठवड्याला एक घ्यायची पुडी. आजींचे गुडघे दुखतात, कुत्र्याचेही दुखतात, मग एक पुडी त्यालाही. त्या एका पुडीत ६०,००० युनिटं असतात. दहा किलोच्या कुत्र्याला ती म्हणजे किलोमागे ६,०००, आणि विषबाधेची लक्षणं किलोमागे ४,०००च्या आसपासच सुरू होऊ शकतात. रक्तातलं कॅल्शियम चढतं, उलट्या होतात, मूत्रपिंडं निकामी होतात. माणसांच्या वेदनाशामक गोळ्यांचंही तेच. ‘अर्धीच दिली होती’ हे वाक्य डॉक्टरांच्या ओळखीचं आहे.

हळदीबद्दल लोक फार आशेने विचारतात. चिमूटभर हळद भातात असली तर बिघडत नाही. पण तिच्यातलं कर्क्युमिन आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, आणि लंगडणाऱ्या कुत्र्याला तिच्या भरवशावर ठेवणं म्हणजे त्याला दुखू देणं.

इथपर्यंतचं सगळं मूत्रपिंडं ठीक असलेल्या म्हाताऱ्यासाठी होतं. ती बिघडली की नियम फिरतात. अडचण अशी, की क्रिएटिनिन हा रक्तातला नेहमीचा आकडा वर जातो तोवर मूत्रपिंडाचं सुमारे तीन चतुर्थांश काम थांबलेलं असतं. त्याआधीची खूण पाण्याच्या भांड्यात दिसते. कुत्र्याचं पाणी एक दिवस मोजून ठेवून बघा. किलोमागे १०० मिलीलीटरहून जास्त पीत असेल तर रक्त-लघवी तपासून घ्या. मूत्रपिंडाचा आजार असो की मधुमेह, दोन्हींची पहिली चाहूल तिथे लागते. मूत्रपिंडाचा विकार ठरला, की सर्वांत आधी आवरायचा तो फॉस्फरस. म्हणजे कलेजी, हाडांचं सूप, सुके मासे बंद, पिवळ्या बलकापेक्षा अंड्याचा पांढरा भाग बरा. प्रथिनं किती कमी करायची ते आजार कुठल्या टप्प्यावर आहे त्यावर ठरतं, आणि इथे ओमेगा-३ पुन्हा उपयोगी पडतं. मूत्रपिंडासाठी खास बनवलेल्या आहाराने कुत्र्यांची तब्येत एकदम ढासळण्याचा धोका कमी होतो आणि ते जास्त जगतात, हे अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या अभ्यासाने २००२मध्येच दाखवलं. कुत्र्याच्या एखाद्या आजारात खाणं हेच औषध म्हणायचं, तर ते इथे.

मूत्रपिंडांवरून आपल्या मुलखातली एक गोष्ट. द्राक्षं आणि बेदाणे कुत्र्याला विषारी ठरू शकतात हे बऱ्याच वर्षांपासून माहीत होतं, कारण मात्र सापडत नव्हतं. २०२१ साली अमेरिकेतल्या प्राणी-विषबाधा केंद्रातल्या डॉक्टरांनी टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं. एका कुत्र्याने घरी बनवलेला खेळण्यातला पिठाचा गोळा खाल्ला होता, त्यात क्रीम ऑफ टार्टर होतं, आणि लक्षणं हुबेहूब द्राक्षांच्या विषबाधेची. त्याच आम्लाने भरलेली दुसरी वस्तू म्हणजे चिंच, आणि चिंच खाल्ल्यावर मूत्रपिंडं बिघडल्याची उदाहरणंही त्यानंतर नोंदवली गेली. नाशिकची द्राक्षं, तासगावचे बेदाणे आणि घराघरातली चिंच-गुळाची आमटी. वरण-भात कालवताना कुत्र्याच्या वाटीत पळीभर आमटी टाकायची सवय आपल्याला किती स्वाभाविक वाटते, हे सांगायला नको.

दिवाळीत घरात फराळ असतो, म्हणून तेही सांगून टाकते. चिवड्यातले बेदाणे वाईट, चॉकलेटच्या बर्फ्या वाईट, बिनसाखरेच्या मिठाईत झायलिटॉल असेल तर फारच वाईट. आणि चकली-शंकरपाळ्यांत विष नसलं तरी तूप-तेल आहे. एरवी बेताने खाणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्याला एकदम तळकट मिळालं की स्वादुपिंडाला सूज येते, पोट धरून तो वाकून उभा राहतो, उलट्या थांबत नाहीत. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा ऐकत आपण वाढलो. त्या कुत्र्याचं वय कथेत सांगितलेलं नाही. तरुण असावा.

रात्री उठून घरभर फिरणं, भिंतीकडे तोंड करून उभं राहणं, ओळखीच्या दाराच्या चुकीच्या बाजूला थांबणं, जेवल्याचं विसरून पुन्हा भांड्यापाशी येणं, हे म्हातारपणाचे लाड नव्हेत, मेंदू थकल्याच्या खुणा आहेत. अमेरिकेतल्या एका पाहणीत ११-१२ वर्षांच्या २८ टक्के आणि १५-१६ वर्षांच्या ६८ टक्के कुत्र्यांत अशी निदान एक तरी खूण आढळली. थकलेला मेंदू साखर नीट वापरू शकत नाही, त्याला दुसरं इंधन द्यावं, या विचाराने म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांना आठ महिने मध्यम साखळीची स्निग्धाम्लं असलेला आहार दिला. शिकण्याच्या चाचण्यांत ते सरस ठरले. हे २०१०चं. तेव्हापासून खोबरेल तेलाचे चमचे सुरू झाले आहेत. पण प्रयोगातलं तेल वेगळं होतं, खोबरेलात त्या स्निग्धाम्लांचा जो प्रकार सर्वांत जास्त असतो तो तसा वागत नाही, आणि मोठ्या चमच्यामागे शंभरावर कॅलरी येतात त्या वेगळ्याच. मला स्वतःला बीगलांवरचाच दुसरा एक प्रयोग जास्त पटतो. त्यात काहींना भाज्या-फळांतल्या प्रतिऑक्सिडकांचा आहार दिला, काहींना सोबत, फिरणं आणि नवनवी खेळणी, काहींना दोन्ही. दोन्ही मिळालेल्यांचं डोकं सर्वांत चांगलं चाललं. संध्याकाळी खांबाखांबाशी थांबून वास घेऊ देणं हाही त्याचा खुराकच आहे, आणि तो मोजावा लागत नाही.

मग एक दिवस हे म्हातारे कुत्रे खाणं सोडतात. आपण म्हणतो ‘नखरे करतोय’. आधी ओठ वर करून दात बघा. दाढेच्या मुळाशी पू असेल तर कुठलाच पदार्थ गोड लागणार नाही. दात ठीक असतील तर वासाचा विचार करा. कुत्र्याच्या जिभेवर चव घेणाऱ्या कळ्या १,७००च्या आसपास, आपल्या पाचव्या हिश्शाइतक्या. तो जेवतो नाकाने. वयाबरोबर नाकही मंदावतं. फ्रिजमधून काढलेलं खाणं त्याच्यासाठी बिनवासाचं असतं. अंगाइतकं कोमट करा, बिनमिठाचं चिकन उकडलेलं पाणी वर घाला, भांडं छातीच्या उंचीला स्टुलावर ठेवा म्हणजे मान वाकवावी लागणार नाही, खाली रबरी चटई टाका म्हणजे फरशीवर पाय सरकणार नाहीत. सोनीचं अडलेलं जेवण चटईने सुटलं. घसरायच्या भीतीने ती भांड्यापाशी जातच नव्हती. एवढं करूनही दोन दिवस तोंड फिरवलं तर डॉक्टर. खाणं सोडणं हे म्हातारपण नव्हे, लक्षण आहे, आणि मळमळीवर, भुकेवर आता औषधं आहेत.

ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्यकीय कर्करोगतज्ज्ञांनी २००४ साली शेवटच्या दिवसांसाठी एक मोजपट्टी सुचवली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टी; प्रत्येकीला दहापैकी गुण. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर चालू ठेवायला हरकत नाही. घरातल्या प्रत्येकाने वेगवेगळ्या कागदावर गुण द्यावेत, कारण आजोबांचा आकडा नातीपेक्षा नेहमी दोन-चारने जास्त येतो. भुकेच्या रकान्यात गुण खाली येत चालले, की फॉस्फरस, कॅलरी, ग्रॅम हे सगळे हिशेब डॉक्टर स्वतःच बाजूला ठेवायला सांगतात. तूप-पोळी मागतोय? द्या. श्रीखंड चाटतोय? बोटभर द्या. पथ्य आता एवढंच, की कांदा, लसूण, द्राक्षं आणि चॉकलेट त्याला आजही द्यायचं नाही. त्याने जे होतं ते दुखतं.